मामांना न पटलेला गुडघा

आमच्या हिचे मामा म्हणजे अख्ख्या जळगावातला सगळ्यात संशयी माणूस. देवळातला प्रसादसुद्धा ते आधी वास घेऊन मग तोंडात टाकतात. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर घातली की मेथीची जुडी उलटी करून बघतात. मी घरचा जावई, तरी वाढदिवसाला शर्ट घेऊन गेलो तर म्हणाले, "जावईबापू, काय काम काढलंत?"

आता हा संशय काही उगाच नव्हता म्हणा. मामांचं उभ्या जन्माचं पाइपांचं दुकान. शेतकरी फिटर सांगेल तोच पाइप घेतो, म्हणून मामा दर दिवाळीला फिटरांना घड्याळं वाटायचे आणि उन्हाळ्यात त्यांना गोव्याला न्यायचे. त्यामुळे मामींचे गुडघे बदलायची वेळ आली आणि डॉक्टर एकाच कंपनीच्या गुडघ्याचं कौतुक करू लागले, तेव्हा मामांचे कान टवकारले. टेबलावर त्याच कंपनीचं घड्याळ, भिंतीवर डॉक्टरांचा परदेशातला फोटो! "हे कुठलं हो?" "सिंगापूर. कंपनीनं परिषदेला बोलावलं होतं. मी व्याख्यान दिलं." मामांनी फोटोत शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोवर बोट ठेवलं. "आणि यांनी?" डॉक्टर हसले, पण जरा उशिरा. "काका, गुडघा चांगलाच आहे हो." मामा ताडकन उठले. रिक्षात मला म्हणाले, "मीही गिऱ्हाइकाला हेच सांगायचो. पाइप चांगलाच आहे." "मग नव्हता का?" "होता ना! तीच तर पंचाईत आहे."

मग धुळ्याचे डॉक्टर झाले. त्यांनी दुसऱ्याच कंपनीचं नाव घेतलं, तर मामांना त्यात जास्तच काळंबेरं दिसलं. इकडे मामी वरच्या मजल्यावर अडकलेल्या. शेजारणींशी बोलायचं तर गॅलरीतून ओरडून. मला मामांचा खरंच राग यायचा. शेवटी एके दिवशी मामीच आपल्या अहिराणीत कडाडल्या, "पाय मना शे, तुमना नही! डॉक्टर जाऊ दे कोठे बी. माले जिना उतरानं शे!"

ऑपरेशन पहिल्याच डॉक्टरांकडे झालं. आता मामी रोज संध्याकाळी जिना उतरतात आणि मामा दोन पायऱ्या मागून, मान वाकडी करून, गुडघ्याकडे बघत येतात. "दुखस का?" "नही." "खरं?" "खरं हो!" मामी शेजारणींत जाऊन बसल्या की मामा मला बाजूला घेतात. "जावईबापू, मला बरं वाटावं म्हणून तर 'दुखत नाही' म्हणत नसेल ना ती?" मी म्हणतो, छे हो मामा. माझ्या शब्दावर त्यांनी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही, पण तेवढ्यापुरती मान हलवतात बिचारे.