चुलत्याच्या तोंडी घातलेली किंकाळी

पाठ मीच उघडी केली.

नाना माझे सख्खे चुलते. भर उन्हात, गढीच्या पडक्या बुरुजाखाली, सगळ्या गावासमोर मी त्यांच्या बंडीचे बंद सोडले. सिनेमा कंपनीचा रंगवाला ब्रश घेऊन लांब उभा होता. महाराच्या अंगाला तो हात लावीना. मला म्हणाला, "तूच काढ त्याची बंडी. रंगही तूच फास. कुठं लावायचा ते मी इथून सांगतो."

मी बंडी काढली. नाना पाठमोरे झाले. रंगवाल्यानं एकदा पाहिलं आणि तो ओरडलाच, "डायरेक्टरसाहेब, इकडे या! बघा तर काय मिळालंय!"

नानांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत वळ होते. जुने. पांढुरके. सुतळी कातड्याखाली शिवावी तसे उठलेले. डायरेक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"वा! याला रंगवायची गरजच नाही."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची किळस मला अजून येते. दुसऱ्या कुणाच्या हसण्याची येते त्याहून जास्त.

जर्मन-जपानची लढाई संपली आणि मी पलटणीतून घरी आलो त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव तिसगावच्या अलीकडं. पलटणीत मी गोदामावर होतो. हिंदी बोलायला शिकलो, थोडं इंग्रजी वाचायला शिकलो, पायात बूट आले. कंपनी पुण्याहून आली तेव्हा तिच्या मॅनेजरनं नेमकं मला हेरलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराचं चरित्र ते काढत होते. लढायांना माणसं हवी होती. मरून पडायला माणसं हवी होती. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या वस्तीतली माणसं तुम्ही आणा."

तुम्ही. हा शब्द मी त्या गावात स्वतःबद्दल पहिल्यांदा ऐकला. शिवाय त्यानं मला बसायला एक पत्र्याची पेटी दिली. गावात आजवर मला कुणी काही बसायला दिलं नव्हतं. त्या पेटीवर बसून मी आमची माणसं त्यांच्या हवाली केली.

सिनेमाची सुरुवात अशी होती. सरदार लहान असतो. परमुलखातला सुभेदार एका गरीब रयतेला झाडाला बांधून आसुडानं फोडतो. ते पाहून पोराचं रक्त तापतं. तो धावत जातो, रक्तानं माखलेल्या माणसाला मिठी मारतो आणि जुलूम संपवायची शपथ घेतो. त्या रयतेच्या कामाला एक म्हातारा हवा होता. मी नानांचं नाव सुचवलं. पाठ कशी आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सुचवलं. डायरेक्टर खूश होतील असं मला वाटलं. झाले.

ते वळ कुठून आले हे आमच्या महारवाड्यात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मी पाळण्यात होतो. येसकराची पाळी, म्हणजे गावची राखण आणि निरोप पोचवणं, नानांवर होती. पाटलांच्या वाड्यात कुणी वारलं. सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावांना निघायचा हुकूम झाला. नानांची मुलगी सोनी तापानं फणफणलेली. ताप उतरायची वाट बघत नाना घरी थांबले आणि उशिरा निघाले. पाहुण्यांना माती मिळाली नाही. थोरल्या पाटलांनी नानांना चावडीच्या खांबाला बांधून स्वतःच्या हातानं आसूड ओढला. नाना तिथं बांधलेले असतानाच इकडं सोनी गेली. तिच्या मातीलाही बाप नव्हता.

एवढं मला माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट मला त्या सकाळी कळली होती. गढी पाटलांची, घोडी पाटलांची. ती द्यायच्या बदल्यात धाकट्या पाटलांनी सिनेमात काम मागून घेतलं होतं. सुभेदाराचं. थोरले पाटील केव्हाच वारले होते. आसूड आता त्यांच्या मुलाच्या हातात असणार होता.

झाडाकडं जाताना नानांनी विचारलं, "लागंल का?"

"न्हाई नाना. कापसाचा हाय आसूड. वरून काळा रंग दिलाय."

"मारनार कोन?"

"कंपनीचा माणूस हाय. पुण्याचा."

मी असं बोललो. नाना माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

त्यांना झाडाला बांधलं. तोंड खोडाकडं. धाकटे पाटील जरीचा अंगरखा आणि शिरस्त्राण घालून आले. चंदेरी पत्र्यांवरून उन्हाचा झोत नानांच्या पाठीवर सोडला. डायरेक्टर म्हणाले, चालू. आसूड बसला. कापसाचाच होता, पण अंग शहारलेलं मला दिसलं. दुसरा बसला. तिसरा बसला. नाना गप्प.

"अहो बाबा, ओरडा! जीव जातोय तुमचा!"

परत पहिल्यापासून. परत गप्प. डायरेक्टर वैतागले. "ओरडता येत नाही का तुम्हाला?"

खोडाला गाल टेकवूनच नाना बोलले, "तवा बी न्हाई वरडलो."

डायरेक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं. धाकट्या पाटलांनाही समजलं. ते आसूड खाली घेऊन हसले. "लई हेकट हाय म्हातारा, साहेब. आमच्या आबांना बी असाच दमवला हुता."

कंपनीची मंडळी परत हसली. ओळखीचा विनोद झाल्यासारखी. "राहू द्या," डायरेक्टर म्हणाले, "आवाज मागाहून घालू."

मग मिठीची वेळ आली. सरदाराचं काम करणारा मुलगा चांगल्या घरचा. त्याची आई खुर्चीवर बसली होती. तिनं मॅनेजरला बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मॅनेजर माझ्याकडं आला. "यांना सोडा आता. त्यांचं फाटकं धोतर तेवढं हवंय. मिठीला आपल्या कंपनीतला कुलकर्णी उभा राहील." मी नानांना झाडामागं नेलं, त्यांचं धोतर सोडवून घेतलं, माझा टॉवेल त्यांच्या कमरेला गुंडाळला. ते धोतर तांब्याभर पाणी शिंपडून कुलकर्ण्यानं नेसलं. मुलगा धावत आला, त्याला बिलगला, खूप छान रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आसूड खायला आमची पाठ. मिठी मारायला दुसऱ्याची छाती.

आता वाचणारा विचारील, तू तेव्हाच का नाही उठलास? त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मी ते आमच्या शाळेतल्या गुरुजींकडून उसनं घेतलं होतं. गुरुजी भले माणूस. ते म्हणाले, "अरे, पूर्वी किती जुलूम होता हे लोकांना दिसायला नको? नुसतं सांगून काळीज हलत नाही. दिसलं की हलतं." मला ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं. पूर्वी, हा शब्द त्यांनी वापरला आणि मी तो मान्य केला. नाना समोरच्या ओट्यावर जिवंत बसलेले असताना.

सिनेमा पुढच्या वर्षी घोडेगावच्या बैलबाजारात तंबूत लागला. तंबूच्या मालकाला कुणीतरी सांगितलं होतं की तो फटके खाणारा म्हातारा इकडचाच आहे आणि त्याची पाठ खरी आहे. त्याचा माणूस माझ्याकडं आला. "म्हाताऱ्याला घेऊन या. फुकट बसवू, मानानं बसवू." मी नानांना एवढंच सांगितलं की तुमचं चित्र बघायला जाऊ. नानांनी धुवट बंडी घातली.

मानानं म्हणजे दोरीच्या पलीकडं, मातीवर. आमच्यासाठी तिथंही वेगळी दोरी होती. मागं बाकं, त्यामागं खुर्च्या. खुर्चीत धाकटे पाटील, पाहुण्यारावळ्यांसह. आपलं काम दाखवायला आणलेले.

दिवे गेले आणि पडद्यावर ती पाठ आली. तंबूएवढी. वळावळातून ऊन वाहत होतं. प्रत्येक फटक्याला नगारा घुमायचा. शिट्ट्या सुरू झाल्या. ही सगळी बाजारची माणसं. सकाळपासून बैलांच्या पाठीवरून हात फिरवून, कातडी चिमटीत धरून पारख करणारी. तशीच त्या पाठीकडं बघत होती. मागून कुणीतरी फटके मोजायला लागला. मग बाकंच्या बाकं मोजायला लागली. माझ्या बाजूचा एकजण शेंगा खात होता. त्याचं तोंड थांबत नव्हतं आणि नजर हलत नव्हती.

कुणाचं काळीज हलत नव्हतं. गुरुजी, मी पाहिलं आहे. हललं असेल तर बाक हललं असेल, पाय आपटून.

मग किंकाळी आली. लांबलचक, नाटकातली, गळा काढलेली. ती नानांच्या पाठीतून आल्यासारखी वाटली. नानांनी माझा दंड धरला.

"ह्यो कोन वरडतोय?"

"आवाज मागून घालत्यात, नाना."

"माज्या तोंडात?"

नानांनी आयुष्यात एकच गोष्ट पाटलाला दिली नव्हती. आवाज दिला नव्हता. सोनी गेली तरी ती गोष्ट त्यांनी जपली होती. ती मी कंपनीला देऊन टाकली. फुकट. तंबूभर लोकांनी तिच्यावर शिट्ट्या मारल्या.

पुढं सरदार मोठा झाला, घोड्यावर बसला, मग मध्यंतर झालं. पेट्रोमॅक्स घेऊन मालक पडद्यापुढच्या फळ्यांवर चढला. "मायबाप! आत्ता पडद्यावर पाहिलेला म्हातारा इथं हजर आहे! जित्ती पाठ बघा! खोटी निघाली तर पैसे परत!" त्याच्या दोन माणसांनी नानांना उठवून वर नेलं. नाना जत्रेत चुकलेल्या माणसासारखे उजेडात उभे. मालकानं मला खूण केली. "सोड की बंद. तुझाच माणूस ना?"

मला गढीखालचं ऊन आठवलं. माझंच हसू माझ्या कानांत वाजलं. मी वर चढलो आणि नानांच्या छातीवर बंडीचे बंद दोन्ही मुठींत आवळून धरले.

"सोडनार न्हाई."

"काय?"

"पाठ दाखवायची न्हाई. मी सांगतो ते ऐका. ह्यांना सुभेदारानं मारलं न्हाई. परमुलखातनं कुनी आलं न्हवतं. आमच्या गावच्या पाटलानं चावडीवर मारलं. लेक आजारी म्हणून सांगावा न्यायला उशीर झाला, एवढ्यासाठी. त्या पाटलाचा मुलगा तिथं खुर्चीत बसलाय. सिनेमात आसूड त्यानंच धरलाय. पाठ बघू नका. तिकडं बघा."

मला वाटलं आता दगड येतील. धाकटे पाटील उठलेही नाहीत. पानाची पिंक टाकून म्हणाले, "खाली उतर रे. पलटनीत जाऊन आलास म्हणून लई शाना झालास व्हय?"

दगड आले नाहीत. मागून कुणीतरी ओरडला, "अरं, पाठ दावायची न्हाई तर लढाई तरी लावा!" आणि सगळा तंबू ओरडायला लागला. लढाई लावा, लढाई लावा. कुणी रागावलंसुद्धा नाही. त्यांना पुढचे रक्तपात बघायचे होते आणि आम्ही उजेडात मध्ये उभे होतो. मालकाच्या माणसांनी आम्हाला कनातीखालून बाहेर लोटलं.

बाहेर बाजार उठत होता. दावणीला उरलेल्या बैलांमध्ये नाना खाली बसले. बंडीचे बंद मी आवळल्यामुळं गाठी बसल्या होत्या. त्या सोडवत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "पाठ दावली. सोनी न्हाई दावली."

तेव्हा मला गुरुजींना द्यायचं उत्तर सापडलं. दाखवू नये असं मी म्हणत नाही. पण सिनेमात फटका दिसतो, फटक्याचं कारण दिसत नाही. रक्त दिसतं, घरी कोण वाट बघत होतं ते दिसत नाही. कॅमेरा आसुडाच्या बाजूला उभा राहतो आणि बघणाऱ्यालाही तिथंच उभा करतो. आमच्या देहावरचा मार सरदाराच्या शूरपणाची झालर होतो. मारणारा परका ठरला की गाव सुटलं. दोनशे वर्षांपूर्वी घडलं म्हटलं की खुर्चीतला माणूस सुटला.

घोडेगावहून परत आल्यावर नाना माझ्याशी नीट बोलत होते. भाकरी खाल्ली का विचारत होते. तेच सहन होईना. मी माफी टाळत राहिलो. पलटणीत मी साहेबांची माफी इंग्रजीत मागायला शिकलो होतो. नानांची मागायला शब्द नव्हता.

शेवटी कंपनीचा मॅनेजर परत गावात आला. नवं चरित्र, नवी गढी, जाळपोळीचा देखावा, एक वस्ती पेटवायची होती. "तुमची वस्ती पाहिली. आयतीच आहे," तो म्हणाला. बसायला परत तीच पेटी पुढं केली. मी उभा राहूनच नाही म्हणालो. तिथून सरळ आमच्या तक्क्यात, वस्तीच्या बैठकीच्या जागी गेलो. लोक जमले होते. त्यात मी बुरुजाखाली मरून पडायला नेलेले सगळे होते. नाना भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"नाना, त्या दिवशी तुमी इचारलं, मारनार कोन. मी म्हनलो, पुण्याचा माणूस. मी खोटं बोललो. मला ठावं हुतं. पेटीवर बसायला मिळालं म्हणून बोललो. तुमची पाठ मी इकली. तुमच्या तोंडात परक्याची किंकाळी मी घालू दिली. आपल्यातल्या कुनाचं अंग तमाशाला मी परत नेनार न्हाई, आन कुनी न्यायला आला तर त्याच्या आडवा मी पडंन. आन ही गोष्ट कुठं बी सांगायची झाली तर मारनाऱ्याच्या नावापासनं सुरू करंन आन सोनीच्या नावापाशी थांबंन. नाना, मी तुमचा गुन्हेगार हाय. मी सोनीचा बी गुन्हेगार हाय. मला माफ करा."