झाकलेला कप
दालचिनीचा वास आला की साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधलं पालकांचं किचन आठवतं. माझ्या लेकीची केमो चालू होती. तिथे कोलंबियाची एक आई रोज दालचिनी घालून दूध उकळायची. एक कप मला द्यायची, एक मुलासाठी झाकून ठेवायची. एका दुपारी तो कप मीच त्याच्या खोलीत नेला. पलंग रिकामा होता. नर्स हळूच म्हणाली, "तो गेल्या महिन्यातच गेला." किचनमध्ये परतले तर ती दाराकडेच बघत होती. माझा चेहरा पाहून तुटक इंग्रजीत म्हणाली, "मला माहीत आहे. पण घरी कुणी नाही. इथे तू आहेस." लेकीला घरी न्यायच्या दिवशी ती एका नव्या आईचा हात धरून सांगत होती, "माझाही आत झोपलाय." मी त्या आईला खरं सांगितलं नाही. आजही सांगितलं नसतं.