पुलापर्यंतची अकरा मिनिटे

काळ देवाने निर्माण केला, आणि तो अडखळला की चालता करण्याचे काम जणू आमच्या घड्याळजींवर सोपवले. जिन्याखालच्या वीतभर दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी चाळीस वर्षे साऱ्या गावाची वेळ नीट लावून दिली. स्वतःच्या घरी मात्र ते एकदाही वेळेवर जेवायला गेले नाहीत.

त्यांची पत्नी शाळेत भूगोल शिकवीत असे. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून घड्याळजीही बाईच म्हणत. बाईंनी फळ्यावर सारे जग रेखाटले, डोळ्यांनी मात्र त्यातले काही पाहिले नाही. मनात एकच शहर घर करून होते: युरोपातले, फार जुने, नदीवर दगडी पूल असलेले.

परगावच्या लेकीने एकदा फोनवर फर्मावले, "पुढच्या महिन्यात मी रजा काढतेय. आईच्या त्या पुलाच्या शहरात तीन दिवस राहू. आपण तिघं जायचं, आणि दुकान बंद ठेवायचं, बाबा!"

झाले! घड्याळजी नकाशा पसरून बसले. पूल पाहायचा तर गर्दी होण्याआधी, ऊन चढताना. राहण्याच्या जागेपासून पूल आठशे पावले. आपल्या दारापासून टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले की तेवढीच भरतात. मग रोज सकाळी बाईंनी तेवढे चालावे आणि घड्याळजींनी दारात घड्याळ धरून उभे राहावे, असे ठरले.

"सोबत चला की," बाई म्हणाल्या.

"छे! मग तू माझ्या पावलानं चालशील. हिशोब चुकेल."

पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली. आठवड्याने तेरा.

सारा जन्म ज्याने यंत्रातलाच दोष शोधला, त्याला दुसरे काय सुचणार? घड्याळजींनी घड्याळ उघडले, पुसले, तेल घातले. दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटे. त्यांनी घड्याळाची कमान बदलली. पंधरा! तेव्हा ते दुकानातली तीन घड्याळे घेऊन दारात उभे राहिले.

"घड्याळाला नावं ठेवताय, बायकोला नाही," बाई धापा टाकत हसल्या. "म्हातारपणी सुधारलात हो!"

तिन्ही घड्याळांत सतरा मिनिटे झाली होती. तिन्ही घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, आणि घड्याळजींच्या पायांखालची जमीन सरकत होती.

दुसऱ्या दिवशी टपालपेटीपाशी बाईंनी भिंतीला हात टेकला आणि त्या खाली बसल्या. घड्याळजी अनवाणी धावले.

"डॉक्टरकडे चल. आत्ताच्या आत्ता."

"जाऊन आलेय मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "महिना झाला. हृदय दमलंय म्हणाले. प्रवास नाही, चढ नाही, आणि फार दिवसही नाहीत."

"आणि तू रोज चालत होतीस? अगं, का?"

बाईंनी त्यांच्या पायांची धूळ पदराने झटकली.

"चाळीस वर्षं ताट झाकून मी तुमची वाट बघितली. दारात उभं राहून माझी वाट बघणारे तुम्ही मला आत्ता कुठे भेटलात. ते सोडवेना."

हे देवा, कोणत्या मापाने मोजावे हे प्रेम! जे नुसते ओवाळून टाकण्यासाठी जपले, ज्याने एका नजरेपायी आपला श्वास खर्ची घातला! घड्याळजींना रडताही आले नाही. त्यांनी बाईंना उचलून उभे केले आणि पावलाला पाऊल लावून घरी आणले. किती वेळ लागला, ते त्यांनी पाहिले नाही.

दुपारी त्यांनी लेकीला सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ हुंदके येत राहिले. मग ती म्हणाली, "बाबा, आईला निदान फोटो तरी... तुम्ही जाऊन या. मी थांबते तिच्यापाशी."

"मला पूल नव्हता गं बघायचा," घड्याळजी म्हणाले. "तो बघताना ती कशी दिसते, ते बघायचं होतं."

आतून बाईंचा क्षीण आवाज आला, "तिला म्हणावं, ते तीन दिवस इकडे ये."

घड्याळजींनी फोन तोंडाशी धरला.

"बाळ, रजा पुढच्या महिन्यातली आहे ना? ती आजपासून घे."