सखीरचा ध्रुवप्रकाश

जगात जी गोष्ट जिथून दिसू नये, ती तिथून नेमकी माझ्या साडूला दिसते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, पोटात दुखतंय म्हणून सांगतोय. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा मूळचा कोल्हापूरचा. इथे बहरीनमध्ये एका बँकेत आहे आणि जुफैरच्या एका उंच इमारतीत राहतो. त्याच्या बाल्कनीतून समोरच्यांच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे सोडले तर काही दिसत नाही. तरी त्याला समुद्रात डॉल्फिन दिसले! कसे? तर टॉवेल खाली पडला म्हणून हा वाकला, आणि दोन इमारतींच्या फटीतून दिसले. मी डॉल्फिन बघायला तिकीट काढून बोटीत बसलो होतो. सगळा वेळ कठड्यावर ओणवा होऊन ओकत होतो.

पक्ष्यांचंही तेच. रोहित पक्षी बघायचे म्हणून दुर्बीण, टोपी, थर्मास घेऊन मी कितीतरी शुक्रवारी पहाटे तुबलीच्या खाडीवर जाऊन बसलो. मला चिखल दिसला. साडू त्याच तुबलीत गाडीचा एसी दुरुस्त करायला गेला, गॅरेजवाल्यानं त्याला बाहेर खुर्ची टाकून दिली आणि संध्याकाळी मला याचा फोन. "साडूभाऊ, आज लई गुलाबी बगळे बघितले की! थवाच्या थवा. आजारी असतात काय हो ते?" याच्या लेखी पक्षी दोनच, कावळा आणि बगळा. दुर्बीण नाही, अभ्यास नाही, पायात बारमाही स्लिपर आणि गाडीच्या कप्प्यात चिवड्याची पिशवी. निसर्गानं दर्शन द्यायला माणूस निवडावा तर हा! गाढवाला गुळाची चव काय, असं मी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे मिळाला गूळ?"

हे सगळं मी गिळलं असतं. ध्रुवप्रकाशाचं मात्र मनाला लागलं, कारण त्यात आमचे सासरे होते. नाना वाईला शाळेत भूगोल शिकवायचे. उभा जन्म त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं ध्रुवप्रकाश काढला आणि स्वतः कधी पाहिला नाही. काचबिंदूनं त्यांची नजर कमी कमी होत चालली होती. ती पूर्ण जायच्या आत एकदा तरी तो बघावा, एवढं एकच मागणं होतं त्यांचं. मी थोरला जावई. मी छाती पुढे काढून म्हणालो, "नाना, आधी मी नॉर्वेला जाऊन सगळी व्यवस्था बघून येतो, मग तुम्हाला नेतो."

नॉर्वेत मी आठवडाभर ढग पाहिले. तिथला गाईड रोज सकाळी सांगायचा, परवा फार सुंदर दिसला होता. लग्नघरी उशिरा पोचलेल्याला आमरस कालच संपला म्हणून सांगतात ना, अगदी तसं. परत येतो तो नानांच्या हृदयानं कुरकुर केली आणि डॉक्टरांनी थंड मुलखाचं नावच काढायचं नाही म्हणून सांगितलं. झालं, विषय संपला!

आणि त्याच वर्षी मे महिन्यात साडू बँकेतल्या मित्रांबरोबर लडाखला गेला. एरवी इतक्या दक्षिणेला ध्रुवप्रकाश येत नाही. सूर्यावर मोठं वादळ उठलं तरच कधीतरी. ते उठलं, आणि नेमकं त्याच रात्री साडूचं पोट बिघडलं. तंबूबाहेर आलेल्या या गृहस्थानं मला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'फोनचा कॅमेरा गेला वाटतं. आभाळ तांबडं येतंय. तुम्ही इंजिनिअर, काय करायचं सांगा.' अरे देवा! 'हो, गेलाय, बंद करा आणि झोपा,' असं उत्तर मी लिहिलंसुद्धा होतं. ते पुसलं आणि खरं काय ते कळवलं, यातच माझा सगळा चांगुलपणा खर्ची पडला.

नाना फोनवर म्हणाले, "धाकट्या जावईबापूंचं नशीब थोर!" मग माझंही मन राखावं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या नॉर्वेत ढग कोणत्या प्रकारचे होते हो?"

त्या हिवाळ्यात नाना आमच्याकडे मुहर्रकला राहायला आले. तोवर त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, नुसता उजेड आणि ठळक रंग कळायचे. एकदा जेवण झाल्यावर ते म्हणाले, "आता फोटो दाखवलात तरी उपयोग नाही. राहिलं ते राहिलंच." मी मान खाली घातली. साडूनं मात्र चिवड्याचा बकाणा भरला आणि मला भलतंच विचारलं, "साडूभाऊ, तुमच्या रिफायनरीतलं ते युनिट दुरुस्तीला बंद कधी करताय?" मी तुटकपणे म्हणालो, "गुरुवारी." माणसाला काही वेळकाळ?

गुरुवारी संध्याकाळी हा स्लिपर घालून दारात हजर. "यल्ला नाना, सखीरला जाऊ. सूर्यावर परत वादळ झालंय म्हणत्यात. दिसला तर दिसला." बहरीनमधून ध्रुवप्रकाश! मी मोठ्यानं हसलो. पण नाना शाल घेऊन केव्हाच उठले होते, मग मलाही जावं लागलं.

हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या पलीकडे एका टेकाडाआड साडूनं गाडी लावली आणि नानांना टेकाडाकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. मगरिबची बांग झाली, अंधारलं. आणि टेकाडावरचं आभाळ तांबूस झालं. ते हललं, ओसरलं, पुन्हा वर चढलं.

"तांबडं!" नाना ताडकन उभे राहिले. "हलतंय! हलतंय हो!"

मी तत्क्षणी ओळखलं. ती आमची फ्लेअर होती. युनिट बंद करताना आतला वायू उंच धुराड्याच्या टोकाशी जाळतात, त्या ज्वाळेचा उजेड हवेतल्या धुळीवर पडला होता. त्याची सगळी तयारी सकाळी मीच करून आलो होतो. म्हटलं, सापडला! इतक्या वर्षांनी साडू एकदाचा तोंडघशी पडला! मी "नाना, अहो ते" एवढं म्हणालो, तोवर नानाच बोलायला लागले होते.

"हिरवा नाही, बघा. बरोबरच आहे. दक्षिणेतून फक्त वरचा तांबडा भाग दिसतो, हिरवा क्षितिजाखाली राहतो. मुलांना हेच सांगायचो मी." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "कुणी हो काढलं हे शोधून?"

"मला काय कळतंय, नाना? मला बगळा ओळखता येत नाही," साडू म्हणाला. "दिवस साडूभाऊंनी काढला."

नानांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. "जावईबापू, नॉर्वेची कसर भरून काढलीत." मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नानांना घरी सोडल्यावर साडूनं माझ्यापुढे चिवडा धरला. "खलास, साडूभाऊ. आता विझवा तुमची ती मशाल, उगा गॅस जळतोय."

नाना आता वाईला असतात. नजर पूर्ण गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या थोरल्या जावयानं बहरीनमधून ध्रुवप्रकाश दाखवला. फोनवर मला विचारतात, "परत दिसला का हो?" मी म्हणतो, "नाही नाना, एकदाच." डॉल्फिन, रोहित पक्षी, लडाख, सगळं मी साडूला माफ केलंय. पण ती ज्वाळा माझ्या कामाच्या जागची. लहान असो, मोठी असो, मी ती रोज बघतो. आणि ती नानांना दाखवावी, हे सुचलं त्याला.