मांजरेच्या पुरात धाकटी बोट

फोन आला तेव्हा फायर स्टेशनच्या आवारात दोन नव्या बोटी होत्या आणि ट्रेलर एकच होता. दोन्ही बोटी ट्रायलसाठी आलेल्या. त्यातली एक निवडून संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्यायचा, असं साहेबांनी मला सांगितलं होतं. मी तिथला लीडिंग फायरमन, नोकरीची शेवटची वर्षं. फोन मांजरा नदीकाठच्या एका वस्तीवरून होता. शेतातल्या गोठ्याच्या छपरावर सहा माणसं अडकली होती आणि पाणी चढत होतं.

या बोटींना रिब म्हणतात. बूड फायबरचं, टणक. भोवती हवेनं फुगवलेले जाड रबरी नळे. आत पाणी शिरलं तरी नळे बोट तरंगत ठेवतात. मोठीचं बूड खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. पाण्याच्या ओढीतही सरळ जाते. धाकटीचं बूड उथळ, वजन निम्मं. पण ओढ लागली की आडवी सरकते, आणि चालवणाऱ्या दोघांना धरून सहाच माणसं बसतात.

साहेब म्हणाले, "मोठी काढा. सगळे एका खेपेत येतील."

"साहेब, डांबरी रस्ता वस्तीच्या अलीकडंच संपतो. पुढं काळी रानं. ट्रेलर रुतला तर मोठी उचलायची कुणी?"

साहेब म्हणाले, "जबाबदारी तुमची."

मी धाकटी काढली. वाटेभर एकच विचार होता. साहेबांचंच बरोबर निघालं तर?

ट्रेलर रुतलाच. गावकऱ्यांनी आणि आम्ही बोट खांद्यावर घेऊन चिखलातून पाण्याशी नेली. सोबत इस्माईल, आमचा इंजिन चालवणारा. पाणी तांबडं, आवाज न करता पळणारं. मला चांगलं पोहता येतं, तरी मी लाइफ जॅकेटची बकलं दोनदा चाचपली.

छपरावर त्या शेताचे मालक गुरुनाथअण्णा, त्यांची बायको, दोन मुली, म्हातारी आई आणि एक सालगडी. आत्ता चौघंच येतील, असं मी सांगितलं. मग अण्णांनी बायकोला, मुलींना आणि आईला उतरायला सांगितलं. म्हातारी जागची हलली नाही.

"माझं लेकरू हितं हाय. मी न्हाई येत."

वाद घालायला वेळ नव्हता. तिच्या जागी सालगड्याला घेतलं. परत येतो, असं मी तिला सांगितलं.

अर्ध्या वाटेत इंजिनाला हिसका बसला आणि ते बंद पडलं. खाली उसाचं रान बुडालेलं होतं, तिथली ड्रिपची पाइप इंजिनाच्या पंख्याला गुंडाळली होती. बोट आडवी झाली आणि सरकायला लागली. खालच्या अंगाला बंधारा होता. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी माणसाला जागीच घुसळत ठेवतं, बाहेर सोडत नाही. हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवायचो. त्याचा आवाज आता ऐकू यायला लागला होता.

धाकटी मुलगी म्हणाली, "काका, बोट कामून फिरायली?"

मी वल्हं मारत राहिलो. इस्माईलनं इंजिन वर उचललं आणि तो ओणवा होऊन सुरीनं पाइप कापत होता. मी काही ठरवत नव्हतो, नुसता मारत होतो. पाइप सुटली आणि दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं.

चौघांना काठावर उतरवलं. तेव्हा मनात आलं, आता पुन्हा जायचं नाही. खोटं कशाला सांगू? इस्माईलनं हळूच विचारलं, "जायचं ना?"

"व्हय," मी म्हणालो. साहेबांनी हुकूम दिला असता तर कदाचित नाही म्हणालो असतो.

दुसऱ्यांदा उसाच्या रानाला वळसा घालून गेलो. पाणी छपराच्या कडेला लागलं होतं. अण्णांनी आईला उपरण्यानं आपल्या कमरेला बांधून घेतलं होतं. गाठ सुटेना, म्हणून दोघांना तसंच बोटीत ओढलं. तासाभरानं गोठा दिसेनासा झाला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: धाकटी घ्यावी, पंख्याला जाळी बसवावी, आणि एक नको, दोन घ्याव्यात. साहेबांनी सही केली. पुढं एकच बोट आली, बिनजाळीची.

आजही कुणी कोणती बोट घ्यावी असं विचारलं, तर मी आधी त्यांना पाण्यापर्यंतची वाट चालून यायला सांगतो. मग विचारतो, दुसऱ्या खेपेला कोण जाणार आहे?