सर एगबर्ट यांचा अग्निसंस्कार

नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनच्या चंद्रहास साठ्यांना मी लेखक म्हणणार नाही. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या आरशांवर धूळ बसू नये, हे पाहण्यासाठी त्यांना पुण्याहून इथे आणले गेले आणि ते काम ते चोख करतात. मराठी मंडळाच्या मासिकाचा संपादक या नात्याने मी त्यांच्याकडे स्वच्छतेवर दोन पानी लेख मागितला होता. त्यांनी रक्तपिपासू पिशाच पाठवले.

पिशाचाचे नाव सर एगबर्ट. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनमध्ये अशा भयकथा दर आठवड्याला आठ-आठ पानांच्या हप्त्यांनी विकल्या जात. चंद्रहासांनी तोच साचा उचलला, सालही १८४५ ठेवले: ओसाड गढी, वादळ, खिडकीच्या काचेवर नखांचा आवाज आणि नायिका बेशुद्ध पडताच ‘क्रमशः’. सर एगबर्टना गोळी घाला, भोसका, समुद्रात बुडवा. प्रेतावर चंद्रप्रकाश पडला की ते उठून बसत. तीन वर्षे ते असे उठत राहिले. त्या काळात माझा प्रमाणलेखनावरील लेख सात वेळा मागे ढकलला गेला, याची इतिवृत्तात कुठेही नोंद नाही.

मार्चच्या बैठकीत मी ठराव मांडला की पिशाच संपवावे. अध्यक्षा नीलांबरीताईंनी बाकरवडी खाता खाता तो मंजूर केला.

दुसऱ्याच दिवशी चंद्रहास सायकल कुंपणावर टाकून माझ्या दारात उभे.

“देवदत्तराव, एवढ्यात नका हो मारायला लावू.”

“का? वाचक तरी किती आहेत तुमचे?”

“एक आहे. आमची अवनी.”

अवनी बारा वर्षांची. घरी मराठीत विचारले की डचमध्ये उत्तर देणारी. गोष्ट ऐन रंगात आली असताना चंद्रहासांनी ती तिला वाचून दाखवणे बंद केले, तेव्हा पुढचे कळावे म्हणून ती स्वतः देवनागरी वाचायला शिकली. मंडळाच्या मराठी शाळेला हे चार वर्षांत साधले नव्हते. ती शाळा मी चालवतो.

“एगबर्ट गेला की तिचं मराठी गेलंच समजा.”

“तिला माझा लेख द्या वाचायला.”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

एप्रिलच्या अंकात सर एगबर्ट मेले. चंद्रहास सरळ माणूस. मेलेल्याचे काय करतात हे त्यांना घरच्या संस्कारांतूनच ठाऊक. त्यांनी त्या इंग्रज उमरावाला रीतसर चितेवर ठेवले, अग्नी दिला, अस्थी टेम्स नदीत सोडल्या आणि तेराव्याला गावजेवण घातले. आता चंद्रप्रकाश पडणार तो कशावर? हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा अंक घरोघरी पोहोचला होता.

“परतीची वाट मीच जाळली हो,” ते फोनवर म्हणाले. “काल ‘जेवलीस का’ विचारलं, तर पुन्हा डचमध्ये उत्तर.”

आठवड्याने मला एक पत्र आले. हस्ताक्षर वाकडेतिकडे, पण देवनागरी.

“देवदत्त काका, मी खूप रागवली आहे. मी चेक केला. १८४५ मधे इंग्लंडला माणसाला जाळत नव्हते, पुरत होते. जाळणं खूप नंतर सुरू झालं. बाबाला हे माहित नाही कारण तो इंजिनिअर आहे. पण तुम्ही एडिटर आहे. तुम्ही का नाही बघितला?”

मी लाल पेन उघडले. खुणा करत शेवटच्या प्रश्नापर्यंत आलो. त्या प्रश्नात व्याकरणाची चूक होती. दुसरी कुठलीच नव्हती. पेन मिटून ठेवले.

मे महिन्याच्या अंकात, माझ्या लेखासाठी राखलेल्या पानावर, शुद्धिपत्र छापले:

“गेल्या अंकात सर एगबर्ट यांच्यावर अग्निसंस्कार झाल्याचे प्रसिद्ध झाले. ते तत्कालीन रिवाजास धरून नाही. त्यांस गावाबाहेरच्या थडग्यात पुरले, असे वाचावे. थडग्याची शिळा नीट बसलेली नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. — संपादक.”

शेवटची दोन वाक्ये माझ्याकडे कोणी मागितली नव्हती.