वंदूचा सिग्नल

वंदना, माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा मी तिच्यासाठी शहाळी आणायला डहाणूच्या बाजारात गेलो होतो. आईचा फोन आला. "लवकर ये," एवढंच म्हणाली. शहाळी हातात घेऊन धावत घरी पोचलो, तोवर सगळं संपलं होतं...

त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही कुणी भेटतं आणि विचारतं, पुण्याला ती नेमकं करायची काय? मी रेल्वेत तिकीट खिडकीवर जन्म काढलेला माणूस. तिने मला समजावलं, तेवढंच सांगू शकतो.

बाबा तलासरीला शिक्षक होते, वंदूची शाळाही तिथलीच. मैत्रिणींशी वारली बोलीत, दुकानात गुजरातीत आणि घरी मराठीत, अशी तिची बडबड दिवसभर चालायची. पुढे डहाणूचं कॉलेज, मग पुणे, पीएच. डी. आणि तिथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी. एका दिवाळीत आईने तिला विचारलंच, "तू तिथे करतेस तरी काय गं?" ओट्याला टेकून वंदू सांगू लागली, "माझ्याकडे एक बारीकसा स्फटिक असतो. अभ्रकासारखे थर असलेला. तो खूप गार केला की त्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. मग थरांमधून बेताने वीज सोडली की लहरी निघतात. रेडिओच्या लहरी आणि उजेड, यांच्या मधल्या. टेराहर्ट्झ म्हणतात. पण त्या टिकत नाहीत. वीज वाढवली की स्फटिक आतूनच तापतो. फार तापला की त्याचा गुण जातो आणि लहरी बंद."

"एवढं गार करता, मग तापू कशाला देता?" आई म्हणाली.

वंदू खळखळून हसली. "अगं, तेच तर सोडवतेय इतकी वर्षं!"

ते सोपं नव्हतं, हे मला नंतर कळलं. वरिष्ठ तिला विषय बदल म्हणून सांगत होते. एकेक नमुना करण्यात आठवडे जायचे आणि मोजता मोजता तो जळायचा. त्या दिवशी हमखास फोन यायचा, "दादा, आज पण जळला." मी म्हणायचो, "जेवलीस का?" दुसरं काय म्हणणार...

मग कर्करोग निघाला. केमो चालू असतानाही ती प्रयोगशाळेत जायची. स्फटिक एकाच बाजूने टेकवण्याऐवजी दोन्हीकडून धातूच्या पट्ट्यांत धरला, तर उष्णता दोन्ही बाजूंनी निघून जाईल, असं तिला वाटत होतं. मीनल या सहकारी मैत्रिणीबरोबर तिने तसा नमुना केला, पण तो मोजायच्या आधीच डॉक्टरांनी हात टेकले. मी तिला डहाणूला घेऊन आलो.

एका सकाळी मीनलचा फोन आला. लहरी मिळाल्या होत्या, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टिकल्या होत्या. मला वाटलं, वंदू रडेल. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "नवा नमुना करून परत मोज. एकदा मिळालं म्हणजे मिळालं, असं नसतं." फोन ठेवल्यावर मात्र तिने माझा हात धरला.

"दादा, खरं असेल का रे?"

"असणारच."

"तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून ती हसली. त्यानंतर तिला हसताना मी पाहिलं नाही.

दिवसकार्य उरकलं आणि पाहुणे परतले, त्यानंतर एकदा वंदूचा मोबाईल वाजला. मीनल होती. "माहीत आहे ती नाही ते," ती म्हणाली, "पण तिच्याच नंबरवर सांगावंसं वाटलं. दुसरा नमुनाही चालला, दादा. सिग्नल टिकला."

आई मागच्या पडवीत भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, "अरे, मग वंदूला सांगितलंस का?"

वंदूचा मोबाईल अजून माझ्या हातातच होता. माझ्याकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं. भाजी तशीच टाकून ती उठली, वंदूच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता, हळू, एखाद्या झोपलेल्या माणसाशी बोलावं तसा.

आता रोज दुपारी ती त्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसते. मी तिचा चहा तिकडेच नेऊन देतो.